साथीच्या काळात ईएसआयची ‘सिक’ कशी टाकायची: सातारा-सांगलीच्या कामगारांसाठी

कुपवाड, मिरज, इस्लामपूर, पलूस, साताऱ्याची जुनी एमआयडीसी आणि देगावची नवी, कराडजवळचं तासवडे, खंडाळा-शिरवळचा पट्टा. यातल्या कुठल्याही कारखान्यात काम करणाऱ्या आणि पगारातून ईएसआय कापला जाणाऱ्या माणसाला आजारपणात रोजच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के रक्कम कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून (ईएसआयसी) मिळते. यालाच कामगार ‘सिक’ म्हणतात. कोविडच्या साथीतही ती मिळत होती. त्यासाठी वेगळी योजना काढावी लागली नव्हती, कारण हा हक्क १९४८ च्या कायद्यातलाच आहे. साथ आली की सरकारी आदेश भराभर निघतात आणि तितक्याच लवकर मागे घेतले जातात. टाळेबंदीत मालकांनी पूर्ण पगार द्यावा, असा केंद्रीय गृहमंत्रालयाचा आदेश २९ मार्च २०२० ला निघाला आणि १८ मे पासून तो उरला नाही. अशा आदेशांवर घर चालत नाही. ईएसआयची सिक मात्र साथीआधी होती, साथीत होती आणि आजही आहे.

या पैशात आजाराच्या गांभीर्यापेक्षा कागद आणि तारखा जास्त आडव्या येतात. यातले निम्मे कागद आजारी पडायच्या आधीच जागेवर असावे लागतात. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी बघा: तुम्ही ईएसआयमध्ये आहात का

पगाराची स्लिप काढा. कपातीच्या रकान्यात ‘ईएसआय’ असेल तर तुम्ही विमाधारक आहात. तुमच्याकडून ०.७५ टक्का आणि मालकाकडून ३.२५ टक्के असे दर १ जुलै २०१९ पासून आहेत. महिना १६,१२० रुपये मिळवणाऱ्याचे १२१ रुपये कापले जातात आणि मालक ५२४ रुपये घालतो. रोजची सरासरी १७६ रुपयांपर्यंत असलेल्या कामगाराकडून काही कापायचं नसतं, मालकाने मात्र त्याचा हिस्सा भरायचाच असतो.

ज्या ठिकाणी १० किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथे हे लागू होतं, आणि महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असणाऱ्यांना लागू होतं. अपंग कामगारांसाठी ही मर्यादा २५,००० आहे. मर्यादा ठरवताना ओव्हरटाइम धरत नाहीत, पण वर्गणी (म्हणजे ही कपात) १९४८ च्या कायद्यात ओव्हरटाइमवरही होती. वर्गणीच्या सहामाहीच्या मध्येच पगारवाढ होऊन तुम्ही २१,००० च्या वर गेलात, तरी ती सहामाही संपेपर्यंत तुम्ही विम्यात राहता आणि कपातही चालू राहते. ही कपात चुकीची समजून बंद करायला सांगणारे पुढच्या सहा महिन्यांचा लाभ स्वतःच घालवतात.

आपल्याकडे दोन मोठे गट यातून बाहेर राहतात. पहिला साखर कारखान्यांचा. निव्वळ साखर किंवा गूळ करणारे कारखाने कायद्याने ‘हंगामी’ ठरतात आणि हंगामी कारखान्यांना ईएसआय लागू नाही. दुसरा गट विट्याकडच्या लहान यंत्रमागांचा. एका छपराखाली पाच-सहा माणसं असली की दहाचा आकडा भरत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत मात्र मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर दहापेक्षा कमी माणसांच्या जागेलाही स्वेच्छेने सामील होता येतं. यंत्रमागवाल्यांनी हा मुद्दा मालकापुढे ठेवावाच. या संहितेत जुना ईएसआय कायदा विलीन झाला असल्यामुळे फॉर्मचे क्रमांक आणि कलमं बदलू शकतात. म्हणून कार्यालयात क्रमांकाबरोबर कागदाचं नावही सांगा.

ठेकेदाराकडून कामावर असलात तरी हक्क तोच. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर ती भरण्याची जबाबदारी मूळ कारखान्यावर येते. ‘तू कंपनीचा नाहीस’ हे उत्तर इथे चालत नाही.

कार्ड आणि १० आकडी क्रमांक

प्रत्येक विमाधारकाला १० आकडी विमा क्रमांक असतो आणि तो नोकरी बदलली तरी बदलत नाही. त्याचं ई-पहचान कार्ड एचआरकडून छापून घ्या. कार्ड हातात आल्यावर स्वतःच्या डोळ्यांनी पाच गोष्टी तपासा: नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे आहे का, जन्मतारीख, कामावर लागल्याची तारीख, घरच्यांची नावं आणि नेमून दिलेला दवाखाना. सगळ्यात जास्त घोटाळा दवाखान्यात होतो. कुपवाडला राहणाऱ्याच्या कार्डावर आधीच्या नोकरीचा शिरवळकडचा दवाखाना तसाच राहतो, आणि ताप आल्यावर कळतं की इथल्या डॉक्टरच्या यादीत आपलं नावच नाही. राहण्याची जागा बदलली की दवाखानाही बदलून घ्या.

दुसरी नोकरी धरताना जुना क्रमांक नव्या मालकाला द्या. घाईत नव्या ठेकेदाराने नवा क्रमांक काढला की वर्गणी दोन ठिकाणी विभागली जाते. जुन्या क्रमांकावर ४० दिवस, नव्यावर ४५ दिवस. एकत्र केले तर ८५ होतात, म्हणजे पात्रता बसते (सहामाहीत किमान ७८ लागतात, तो हिशोब खाली आहे). वेगवेगळे राहिले तर दोन्हीकडे अपुरे. दोन क्रमांक असतील तर ते एकत्र करण्याचा अर्ज ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात आजच द्या. आजारी असताना हे काम होत नाही.

बँक खातंही बघून घ्या. पैसे थेट खात्यात येतात, त्यामुळे बंद पडलेलं खातं किंवा बँकांच्या विलीनीकरणानंतर बदललेला आयएफएससी कोड यावरून मंजूर झालेले पैसे परत जातात.

७८ दिवसांचा हिशोब

सगळी गाठ इथे आहे, म्हणून हे सावकाश वाचा.

वर्षाच्या दोन वर्गणी-सहामाह्या असतात: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. प्रत्येकीला जोडलेला लाभाचा काळ तीन महिन्यांनी सुरू होतो. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो, ऑक्टोबर-मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमध्ये. सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली पाहिजे.

म्हणजे ऑगस्टमध्ये आजारी पडलात तर जुलैची हजेरी कोणी विचारणार नाही. हिशोब होणार तो ऑक्टोबर ते मार्चचा. फेब्रुवारीत पडलात तर आदल्या वर्षीच्या एप्रिल ते सप्टेंबरचा. ‘गेले तीन महिने एकही खाडा नाही, तरी पैसे नाहीत’ असं होतं ते यामुळे.

साथीत याचा उलटा फटका बसतो. टाळेबंदीत किंवा निर्बंधांत कारखाना बंद राहिला आणि त्या दिवसांचा पगार निघाला नाही, तर ते दिवस वर्गणीतून गळतात. त्याचा परिणाम तेव्हा जाणवत नाही. तो सहा-आठ महिन्यांनी, नेमका पुढची लाट आल्यावर समोर येतो. म्हणून कामाचा खंड पडला की ७८ ची बेरीज लगेच करून बघा. सहामाही संपायला वेळ असेल तर उरलेल्या दिवसांत हजेरी भरून काढता येते.

नव्याने लागलेल्यांसाठी पहिल्यांदा नियम थोडा वेगळा आहे. आयुष्यात प्रथमच ईएसआयमध्ये आलेल्या माणसाचा पहिला लाभकाळ कामावर लागल्यापासून ९ महिन्यांनी सुरू होतो. ५ नोव्हेंबरला लागलेल्याचा लाभ ५ ऑगस्टपासून डिसेंबरअखेर. त्याची पहिली सहामाही अपुरी असते, त्यामुळे १५६ दिवसांपेक्षा कमी अवधी मिळाला असेल तर कामाला उपलब्ध असलेल्या दिवसांपैकी निम्म्या दिवसांची वर्गणी पुरते. पहिले नऊ महिने रोख पैसे मिळत नसले तरी दवाखाना आणि औषधं कामावर लागल्या दिवसापासून मिळतात. हे नव्या पोरांना कोणी सांगत नाही आणि ती तापात खाजगी दवाखान्याचं बिल भरत बसतात.

आपली वर्गणी किती दिवसांची दिसते हे ईएसआयसीच्या संकेतस्थळावर विमाधारकाच्या लॉगिनमधून बघता येतं. महिना, दिवस, पगार, वर्गणी असे रकाने असतात. तिथला ‘दिवस’ हा रकाना तुमच्या हजेरीशी ताडून बघा. स्लिपमध्ये २६ दिवस आणि तिथे १८ असतील तर लगेच एचआरला लेखी द्या. मालकाने महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते, त्यामुळे २० तारखेच्या आसपास एकदा बघायची सवय लावा.

पैसे किती येतात

त्या सहामाहीतला एकूण पगार भागिले पगार मिळालेले दिवस, म्हणजे रोजची सरासरी. तिचे ७० टक्के.

कुपवाडच्या फाउंड्रीतला रोजंदारीचा कामगार धरू. रोज ६२०, महिन्याला २६ दिवस, पगार १६,१२०. सत्तर टक्के म्हणजे रोजचे ४३४. डॉक्टरचा पंधरा दिवसांच्या आजारपणाचा दाखला असेल तर पहिले दोन दिवस वजा होतात. हे दोन दिवस ‘प्रतीक्षेचे’, त्यांचे पैसे मिळत नाहीत. उरलेले १३ दिवस गुणिले ४३४, एकूण ५,६४२ रुपये. दाखल्यातल्या रविवारचे आणि सुट्टीचे पैसेही यात येतात.

तोच पगार मासिक असेल आणि मालकाने ३० दिवस भरले असतील तर सरासरी ५३७ वर येते आणि रोजचे सुमारे ३७६ मिळतात. मासिक पगारात आठवड्याची सुट्टी पगारी असल्यामुळे हे बरोबरच आहे. पण रोजंदारीवरच्या माणसाच्या नावे सरसकट ३० दिवस टाकले गेले असतील तर त्याचं नुकसान होतं, आणि ते दुरुस्त करून घ्यायला हवं.

बरं होऊन कामावर गेल्यावर १५ दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तर प्रतीक्षेचे दोन दिवस दुसऱ्यांदा कापत नाहीत. साथीच्या आजारात अशक्तपणा उलटतो, तेव्हा हा नियम लक्षात असू द्या. कमाल मर्यादा मात्र लागोपाठच्या दोन लाभकाळांत मिळून ९१ दिवस.

आजारी पडल्यावर: पहिला दिवस सगळ्यात महत्त्वाचा

पहिल्या दिवशीच ईएसआयच्या दवाखान्यात किंवा कार्डावर नेमलेल्या पॅनेल डॉक्टरकडे जा. डॉक्टर तपासतो त्या तारखेपासून दाखला सुरू होतो. सोमवारी ताप आला, दोन दिवस मेडिकलमधल्या गोळ्यांवर काढले आणि गुरुवारी दवाखान्यात गेलात, तर सोमवार ते बुधवार गेले. मागच्या तारखेचा दाखला मागून डॉक्टरला अडचणीत आणू नका, तो नाकारला जाणारच.

जाताना कार्ड, आधार, आणि असतील तर तपासणीचे रिपोर्ट घ्या. डॉक्टर जो कागद देतो तो पहिला दाखला, म्हणजे ‘फर्स्ट’. त्यावर आजार, तारीख, सही, शिक्का आणि विमा क्रमांक आहे का हे दवाखान्याच्या दारातून बाहेर पडायच्या आत वाचा. क्रमांकातला एक आकडा चुकला तरी दावा दुसऱ्याच्या नावे जाऊन पडतो.

आजार लांबला तर साधारण दर सात दिवसांनी पुन्हा तपासून ‘इंटरमीजिएट’ दाखला घ्यायचा. लांबचं दुखणं असेल आणि डॉक्टरला योग्य वाटलं तर पुढे चार आठवड्यांपर्यंतचा विशेष दाखला मिळू शकतो. शेवटी ‘फायनल’, त्यावर कामावर रुजू होण्याची तारीख असते. ही साखळी तुटता कामा नये. पहिला दाखला १० तारखेपर्यंत आणि पुढचा १३ पासून असेल तर मधल्या दिवसांचे पैसे नाहीत. फायनल न घेता थेट कामावर गेलेल्यांचा दावा शाखा कार्यालयात तसाच पडून राहतो.

प्रत्येक दाखला मिळाल्यापासून तीन दिवसांच्या आत शाखा कार्यालयात पोचवा. स्वतः जाता येत नसेल तर घरच्यांपैकी कोणी नेऊन द्यावा किंवा पोस्टाने पाठवावा, पोस्टाची पावती जपावी. उशीर झाला तर त्याच्या प्रमाणात दिवस कापले जाऊ शकतात. काही ठिकाणी दवाखाना आणि शाखा कार्यालय एकाच छताखाली असतं, तिथे हा हेलपाटा वाचतो.

दाखल्याबरोबर दाव्याचा अर्ज लागतो: आजारपणाच्या लाभाचा दावा, आतापर्यंतचा नमुना ९. त्यात किती तारखेपासून किती तारखेपर्यंत कामावर नव्हतो आणि त्या दिवसांत पगार घेतला नाही, हे लिहून सही करायची. सोबत बँकेच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची किंवा रद्द केलेल्या चेकची झेरॉक्स द्या. अर्जाच्या झेरॉक्सवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सगळे कागद पूर्ण असतील तर सात दिवसांत पैसे द्यायचे, असा नियम आहे.

त्याच दिवशी कारखान्यातही कळवा

सुपरवायझरला फोन करून भागत नाही. एचआरला किंवा टाइम ऑफिसला दाखल्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा आणि ‘आजपासून ईएसआय सिकवर आहे’ एवढं लिहा. तारखेसह तो संदेश तुमचा पुरावा होतो.

याचं कारण असं. दावा मंजूर करण्याआधी शाखा कार्यालय मालकाकडून गैरहजेरीची पडताळणी मागू शकतं, त्याचा नमुना १०. मस्टरमध्ये त्या दिवशी ‘हजर’ किंवा ‘पगारी रजा’ लागली असेल तर त्या दिवसांचा लाभ नाही. ज्या दिवसाचा पगार किंवा रजेचा पगार मिळाला, त्या दिवसाचे ईएसआयचे पैसे मिळत नाहीत, हा पक्का नियम आहे. साथीत काही कारखाने आजारी माणसाच्या खात्यातून परस्पर हक्काची रजा टाकतात. हेतू चांगला असतो, पण रजाही संपते आणि सिकही जाते. तेव्हा स्पष्ट लिहून द्या: पहिल्या दोन प्रतीक्षेच्या दिवसांना रजा लावा, तिसऱ्या दिवसापासून सिक. असं केलं की एकही दिवस कोरडा जात नाही.

आजारपणाचा लाभ घेत असताना त्या कारणावरून कामावरून काढता येत नाही किंवा शिक्षा करता येत नाही. तसा दबाव आला तर दाखले आणि तो व्हॉट्सॲप संदेश घेऊन शाखा कार्यालयात लेखी तक्रार करा.

साथीत काय वेगळं होतं

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि कामावर जाता आलं नाही, तर कोविडमध्येही नेहमीप्रमाणे आजारपणाचा लाभ मिळत होता. गोंधळ होतो तो विलगीकरणाचा. घरातला दुसरा कोणी पॉझिटिव्ह आहे आणि तुम्हाला घरी बसवलं, पण तुम्ही धडधाकट आहात. तेव्हा लाभ आपोआप लागू होत नाही. कायद्यात आजारपण म्हणजे वैद्यकीय कारणाने काम थांबवावं लागणं, आणि ते डॉक्टरने लिहून द्यावं लागतं. म्हणून विलगीकरणाचा शिक्का किंवा ग्रामपंचायतीचं पत्र एवढ्यावर थांबू नका. ईएसआयच्या डॉक्टरशी फोनवर तरी बोला, लक्षणं सांगा आणि दाखला घ्या. दाखला मिळत नसेल तर ते दिवस रजेतून किंवा मालकाशी बोलून सोडवावे लागतात.

कारखानाच बंद असेल तर तो सिकचा विषय नाही. पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या, हंगामी नसलेल्या कारखान्यात ले-ऑफची (काम देता येत नाही म्हणून बसवून ठेवल्याची) भरपाई मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या निम्मी असते, ती मालकाकडून.

सरकारी किंवा खाजगी रुग्णालयात भरती झालात, म्हणजे साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात, सांगलीच्या सिव्हिलमध्ये किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, तर ईएसआय डॉक्टरचा दाखला त्या दिवसांचा नसतो. अशा वेळी ‘पर्यायी पुरावा’ चालतो, पण तो मान्य करणं महामंडळाच्या हातात असतं. त्यासाठी भरतीचा कागद, डिस्चार्ज कार्ड, तपासणीचा रिपोर्ट आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरचा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम करू शकत नव्हता हे लिहिलेला, सही-शिक्क्याचा आणि नोंदणी क्रमांकाचा दाखला लागतो. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘आराम करा’ लिहिलेलं पुरत नाही. किती दिवस, हे आकड्यात लिहून घ्या, आणि घरी आल्यावर लगेच ईएसआयच्या डॉक्टरकडे जाऊन पुढचा दाखला त्याच्याकडून सुरू करा. मूळ बिलं शाखा कार्यालयात देण्याआधी सगळ्यांचे फोटो काढून ठेवा.

आजारपणात गावी जायचा मोह होतो. शिरवळला कामाला असलेला माणूस माण-खटावला जातो, कुपवाडचा जतला. उपचार चालू असताना परवानगीशिवाय भाग सोडून जाणं हे लाभाच्या अटींत बसत नाही. डॉक्टरला आधी सांगा आणि केसपेपरवर नोंद करून घ्या. आणि सिकवर असताना दुसरीकडे कामाला जाऊ नका, शेजारच्याच्या द्राक्षबागेत रोजाने सुद्धा नाही. एक दिवस पकडला गेला तर आधी मिळालेले पैसेही परत मागितले जातात.

९१ दिवस संपले तर

टीबी, कर्करोग, पक्षाघात अशा ३४ ठरावीक दीर्घ आजारांसाठी वाढीव लाभ आहे: ८० टक्के, आणि मुदत दोन वर्षांपर्यंत. त्यासाठी सलग दोन वर्षं विम्याच्या नोकरीत असावं लागतं आणि आधीच्या चार सहामाह्यांत मिळून किमान १५६ दिवसांची वर्गणी लागते. फाउंड्रीत आणि धुळीच्या कामात असणाऱ्यांनी खोकला तीन आठवड्यांवर गेला तर हा लाभ आठवावा. साथीत प्रत्येक खोकला एकाच नावावर खपवला जातो आणि टीबीचं निदान लांबतं.

नोकरीच गेली तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. कोविडच्या काळात तिचा दर सरासरी रोजच्या २५ वरून ५० टक्क्यांवर नेला गेला आणि दावा थेट शाखा कार्यालयात करण्याची सोय झाली. लाभ आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवस. तिचा सध्याचा दर आणि मुदत अर्ज करताना विचारून घ्या, कारण योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते.

कोविडने मृत्यू झालेल्या विमाधारकांच्या घरच्यांसाठी वेगळी मदत योजना २४ मार्च २०२० पासून होती. तिच्यात सरासरी पगाराच्या ९० टक्के, महिना किमान १,८०० रुपये, वारसांना मिळत होते. निदानाच्या किमान तीन महिने आधी पोर्टलवर नोंद आणि आधीच्या वर्षात ७० दिवसांची वर्गणी, या तिच्या अटी होत्या. ठेकेदाराने नोंदच उशिरा केली तर तीन महिन्यांच्या अटीवर असा दावा कोसळतो. नवीन नोकरीत पहिल्याच आठवड्यात विमा क्रमांक मागायचा तो यासाठी.

ईएसआय नसेल तर

साखर कारखान्यात पीएफ कापला जात असेल तर आजारपणासाठी पीएफमधून न परतावा (परत भरावी न लागणारी) उचल मिळते. आतापर्यंतचा नियम असा होता: सहा महिन्यांचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता किंवा स्वतःचा हिस्सा व्याजासह, यातलं जे कमी ते. सध्याची मर्यादा आणि अट अर्ज करताना विचारून घ्या. यूएएनला (पीएफच्या कायम क्रमांकाला) आधार, पॅन आणि बँक जोडलेली असेल तर फॉर्म ३१ ऑनलाइन भरता येतो. कारण निवडताना ‘आजारपण’ निवडा. कोविडसाठीची खास उचल १२ जून २०२४ ला बंद झाली आहे, तिच्या नावाने एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. ही उचल तुमच्याच म्हातारपणातून येते, हे ध्यानात ठेवून गरजेपुरतीच काढा.

कारखान्यात वर्षात १८० दिवस (२१ नोव्हेंबर २०२५ आधी २४०) भरले असतील तर दर २० दिवसांमागे एक दिवस हक्काची पगारी रजा मिळते. वीस किंवा जास्त (२०२५ च्या दुरुस्तीआधी दहा किंवा जास्त) माणसांच्या दुकानात, हॉटेलात आणि कचेरीत महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे वर्षाला आठ किरकोळ रजा पगारी आहेत.

गवंडी, सेंट्रिंगवाले, बिगारी यांनी बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी जिवंत ठेवावी. मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला आणि दरवर्षी नूतनीकरण, एवढं त्यासाठी लागतं. एप्रिल २०२० मध्ये दोन हजार आणि एप्रिल २०२१ मध्ये दीड हजार रुपये जाहीर झाले तेव्हा ते नोंदणी असलेल्यांसाठीच होते.

पैसे अडले तर

पोच घेतलेली झेरॉक्स घेऊन आधी शाखा कार्यालयात जा आणि नेमकं कुठे अडलं ते विचारा: वर्गणीचे दिवस, मालकाची पडताळणी, दाखल्यातली तारीख की बँक. चारही कारणांवर उपाय वेगळा आहे, म्हणून ‘प्रक्रियेत आहे’ या उत्तरावर परत फिरू नका. मालक नमुना १० भरून देत नसेल तर त्याला दिलेल्या अर्जाची प्रत कार्यालयात द्या. मालकाने वर्गणी कापून भरलीच नसेल तर पगाराच्या स्लिपा जोडून तक्रार करा. तुमच्या पगारातून कापलेली रक्कम न भरणं हा गुन्हा आहे. ईएसआयसीचा निःशुल्क क्रमांक १८००-११-२५२६. दावा देय झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत अर्ज केलेला असावा, नाहीतर पुढे कर्मचारी विमा न्यायालयात दाद मागतानाही अडचण येते.